जुना लॅपटॉप आणि सुरक्षित वाय-फाय: डब्ल्यूपीए२ जोडणी पायरीपायरीने

घरात नवा फायबर राउटर बसतो, सगळ्यांचे फोन मिनिटभरात जोडले जातात आणि दहा-पंधरा वर्षं जुना लॅपटॉप मात्र अडून बसतो. मग कुणीतरी सुचवतं, राउटरची सिक्युरिटी कमी करून बघ. ती कमी केली की लॅपटॉप बऱ्याचदा खरंच जोडला जातो, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण त्या एका यंत्रापायी घरातल्या प्रत्येक फोनचं, टीव्हीचं आणि कॅमेऱ्याचं संरक्षण उतरतं. माझा आग्रह उलटा आहे. राउटर डब्ल्यूपीए२ आणि एईएस या सुरक्षित पद्धतीवरच ठेवायचा आणि लॅपटॉपला तिथपर्यंत आणायचं. २००६ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपना हे जमतं. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी यूएसबीच्या खाचेत लावायचा काही शे रुपयांचा वाय-फाय डोंगल पुरतो.

राउटरच्या यादीतली नावं ओळखून घ्या

राउटरच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटीची यादी उघडली की सारखी दिसणारी चार-पाच नावं समोर येतात. त्यांतला फरक कळला की निम्मं काम झालं.

‘ओपन’ म्हणजे काहीच संरक्षण नाही. ‘डब्ल्यूईपी’ हा वाय-फायच्या सुरुवातीच्या काळातला, १९९० च्या दशकातला प्रकार. त्यात प्रत्येक पाकिटासोबत, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यासोबत, २४ बिटांचा एक बदलता आकडा जातो. असे आकडे एकूण फक्त १ कोटी ६७ लाखांच्या आसपास आहेत आणि गजबजलेल्या नेटवर्कवर ते लवकरच पुन्हा पुन्हा वापरले जातात. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी त्यातली मुळातली खोट दाखवून दिली. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या संशोधकांनी डब्ल्यूईपीची चावी मिनिटभरात काढता येते हे सिद्ध केलं. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी इथे उपयोग नाही, कारण दोष पद्धतीतच आहे.

२००३ मध्ये आलेला ‘डब्ल्यूपीए’ आणि त्यातलं ‘टीकेआयपी’ ही तात्पुरती डागडुजी होती. डब्ल्यूईपीसाठी बनलेल्या जुन्याच चिपांवर ती चालवायची असल्याने तिच्या मर्यादाही तशाच राहिल्या. २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए२’ आलं आणि त्यासोबत एईएस हे भक्कम कूटलेखन (एनक्रिप्शन), म्हणजे माहिती गुपित करून पाठवण्याची पद्धत, आलं. राउटरवर त्याला कधी एईएस म्हणतात, कधी सीसीएमपी. आपल्या कामापुरते दोन्ही एकच समजा. मार्च २००६ पासून वाय-फायचं अधिकृत प्रमाणपत्र हवं असलेल्या प्रत्येक नव्या उपकरणाला डब्ल्यूपीए२ सक्तीचं झालं. म्हणूनच वर २००६ हे वर्ष सांगितलं. २०१८ मधलं ‘डब्ल्यूपीए३’ त्याहून चांगलं आहे, पण जुन्या लॅपटॉपमधली वाय-फाय कार्डं आणि ती चालवणारे ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) त्याच्या आधीचे असतात, तेव्हा इथे त्याची अपेक्षा ठेवू नका.

यादीत ‘मिक्स्ड’ किंवा ‘टीकेआयपी + एईएस’ असाही पर्याय असतो. नाव ऐकून तो सोयीचा वाटतो, पण मी तो टाळायला सांगेन. या पद्धतीत सगळ्यांसाठी एकत्र जाणारे संदेश टीकेआयपीनेच जातात, म्हणजे नव्या फोनलाही जुन्याच्या पातळीवर उतरावं लागतं. शिवाय जे उपकरण टीकेआयपीने जोडलं जातं त्याचा वेग, ते ‘एन’ या वेगवान प्रकारचं असलं तरी, ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. ‘वाय-फाय जोडलंय पण नेट रांगतंय’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

ही काळजी कशासाठी, असं वाटत असेल तर आपल्याकडचाच प्रसंग आठवा. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत पोचला. तिथलं वाय-फाय उघडं होतं आणि बाहेरच्या माणसांनी ते वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईतल्या एका महाविद्यालयाचं आणि एका खासगी कंपनीचं वाय-फायही असंच वापरलं गेलं. पोलीस आधी कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात येतात.

पायरी १: लॅपटॉप काय करू शकतो ते बघा

सर्वांत आधी वाय-फायचं बटण शोधा. त्या काळातल्या कित्येक लॅपटॉपना पुढच्या किंवा डाव्या कडेला छोटी सरकती कळ असते, नाहीतर एफएन दाबून वरच्या ओळीतली अँटेनाच्या चित्राची कळ दाबावी लागते. ती बंद असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. दिवा निळा किंवा हिरवा लागला की समजा चालू झालं.

मग सिस्टीम कोणती ते बघा. विंडोज ७ असेल तर डब्ल्यूपीए२ त्यात मुळातच आहे. विंडोज एक्सपी असेल तर ‘माय कॉम्प्युटर’वर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘सर्व्हिस पॅक ३’ लिहिलेलं असेल तर डब्ल्यूपीए२ आहे. सर्व्हिस पॅक २ वर ते वेगळ्या अपडेटने घालावं लागायचं.

पण एक्सपीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो लॅपटॉप इंटरनेटला जोडूच नका. त्याला कंपनीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, ८ एप्रिल २०१४ रोजी संपलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या जोडणीतच ‘क्रॅक’ नावाची त्रुटी जाहीर झाली, तेव्हा विंडोज ७ ला आणि लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमला दुरुस्ती मिळाली. एक्सपीचा पाठिंबा त्याआधीच बंद झाला होता. जुनी बिलं, जुने फोटो, एखादं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर यांसाठी तो नेटशिवाय खुशाल वापरा. विंडोज ७ चाही पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला आहे. ते वाय-फायला नीट जोडलं जातं, पण त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

हाच लॅपटॉप रोज वापरायचा असेल तर त्यावर लिनक्स घाला. ६४ बिटांचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट हा त्याचा प्रकार आरामात चालतो. ३२ बिटांच्या यंत्राला पर्याय कमी झाले आहेत. डेबियन या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराने १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, म्हणून डेबियन १२ घ्या. डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये वाय-फाय कार्डांचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, सोबतच येतं. पूर्वी नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण तीच असायची.

आता कार्ड. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स’खाली नाव वाचा. इंटेलचं ३९४५एबीजी किंवा ४९६५एजीएन, अथेरॉसचं ‘एआर’ने सुरू होणारं कार्ड यांपैकी काही दिसलं तर निश्चिंत राहा. इंटेलचं २२००बीजी हे २००४ चं, पण नव्या ड्रायव्हरसह तेही डब्ल्यूपीए२ करतं. ब्रॉडकॉमची कार्डं विंडोजवर बिनतक्रार चालतात, मात्र लिनक्सवर काहींना वेगळं फर्मवेअर उतरवून घ्यावं लागतं. ते उतरवण्यासाठी केबलने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने (फोनचं नेट वायरीतून लॅपटॉपला देऊन) नेट द्यावं लागेल.

नावावरून अंदाज येत नसेल तर विंडोज ७ लाच विचारा. ‘स्टार्ट’मध्ये सी-एम-डी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिच्यात इंग्रजीत एन-ई-टी-एस-एच, मग एक जागा सोडून डब्ल्यू-एल-ए-एन, पुन्हा जागा सोडून ‘शो ड्रायव्हर्स’ असं लिहा आणि एंटर दाबा. उत्तरात कार्डाला चालणाऱ्या पद्धतींची यादी येते. तिच्यात ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’ आणि त्यासमोर ‘सीसीएमपी’ अशी ओळ असेल तर कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही लायक आहेत. नसेल तर लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा शेवटचा ड्रायव्हर उतरवा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जाहिरात करणारी फुकट सॉफ्टवेअरं अजिबात घेऊ नका. त्यांतून नको त्या गोष्टी आत येतात.

पायरी २: राउटर

सेटिंग बदलताना लॅपटॉप राउटरला नेटवर्क केबलने जोडा. वाय-फायवरून बदललंत तर ‘सेव्ह’ दाबताक्षणी जोडणी तुटते आणि नवखा माणूस गोंधळतो. जुन्या लॅपटॉपना केबलची खाच हमखास असते, तिचा इथे उपयोग होतो.

राउटरच्या तळाशी स्टिकरवर पानाचा पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेले असतात. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. तो ब्राउझरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत टाका. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे या पानाचा पासवर्ड बदलणं. वाय-फायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड वेगळे असतात. कनेक्शन देणारा मुलगा वाय-फायचा पासवर्ड बदलून जातो, हा तसाच राहतो.

मग ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ विभागात जा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील आणि प्रत्येकाची सिक्युरिटी वेगळी ठेवावी लागते. एक बदलून दुसरा विसरणं फार सोपं आहे. २.४ वर ‘डब्ल्यूपीए२-पीएसके’ किंवा ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’ निवडा आणि एनक्रिप्शनमध्ये नुसतं ‘एईएस’. ५ वर घरातले फोन नवे असतील तर डब्ल्यूपीए३ ठेवायला हरकत नाही. दोन्हींना वेगवेगळी नावं द्या आणि पट्टा आपोआप निवडणारी ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ ही सोय बंद करा, म्हणजे जुना लॅपटॉप कुठे जोडायचा याचा ताबा तुमच्याकडे राहील.

त्याच विभागात ‘डब्ल्यूपीएस’ सापडलं तर बंद करा. बटण दाबून फोन जोडण्याची ही सोय, पण तिच्यातला आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो. त्यामुळे दहा कोटी शक्यतांऐवजी अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११ मध्येच उघड झालं. पिन सापडला की तुमचा पासवर्डही हाती लागतो, मग तो कितीही लांब असो.

नेटवर्कचं नाव लपवणं आणि ठरावीक यंत्रांनाच आत घेणारा ‘मॅक फिल्टर’ लावणं या दोन गोष्टी मात्र सोडून द्या. नाव लपवलं की लॅपटॉपच जिथे जाईल तिथे ते नाव पुकारत राहतो. मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, तर हवेत उघडाच जातो, कुणीही तो वाचून आपल्या यंत्राला लावू शकतो.

पायरी ३: पासवर्ड

डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि साधी चिन्हं एवढीच वापरा.

आपल्याकडे सर्रास मोबाइल नंबर ठेवतात. त्याचा हिशोब मांडून बघा. नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. घराबाहेर गाडीत बसलेल्या माणसाने तुमचा फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण एकदा टिपली, की पुढची तपासणी तो आपल्या घरी बसून करू शकतो. महागडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात पासवर्ड तपासतं. म्हणजे ४०० कोटींना तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ. मुलाचं नाव आणि जन्मवर्ष याला तर तेवढाही लागत नाही.

त्याऐवजी पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. शब्द मनाने सुचवू नका. शब्दकोश पाच वेळा कुठेही उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. ‘विळी’, ‘गारगोटी’, ‘उसंत’, ‘पखाल’, ‘टेकू’ असे एकमेकांशी नातं नसलेले शब्द हवेत. म्हण, अभंगाची ओळ किंवा गाण्याचा मुखडा नको. वर छापलेले शब्दही नकोत. पाच हजार शब्दांतून असे पाच निवडले तर त्याच ग्राफिक्स कार्डाला सगळ्या शक्यता संपवायला सुमारे एक लाख वर्षं लागतील. आणि घरी आलेल्या पाहुण्याला सांगताना ‘मोठा ए, मग ॲट, मग अंडरस्कोर’ असं करावं लागत नाही. स्पेलिंग काय ठरवलं ते मात्र कागदावर लिहून ठेवा.

नेटवर्कचं नावही कंपनीने दिलेलं ठेवू नका. पासवर्डपासून चावी तयार करताना ते नाव त्यात मिसळलं जातं, आणि ठरावीक नावांसाठी आधीच गणित करून ठेवलेल्या याद्या उपलब्ध असतात. नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर घालू नका.

पायरी ४: जोडणी

विंडोज ७ मध्ये आधी जुनी नोंद पुसा. ‘कंट्रोल पॅनल’मधून ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’ उघडा, डावीकडे ‘मॅनेज वायरलेस नेटवर्क्स’वर क्लिक करा आणि तुमच्या नेटवर्कच्या नावावर उजवं क्लिक करून ‘रिमूव्ह नेटवर्क’ निवडा. हे केलं नाही आणि नाव जुनंच असलं तर लॅपटॉप पूर्वीच्या पद्धतीने बोलू पाहतो आणि ‘साठवलेली सेटिंग नेटवर्कशी जुळत नाहीत’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश देतो. पासवर्ड बरोबर असूनही माणसं इथे तासन्‌तास अडकतात.

त्यानंतर खाली उजव्या कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करून नाव निवडा, पासवर्ड द्या, झालं. तसं जमलं नाही तर त्याच ‘मॅनेज’च्या पानावर ‘अ‍ॅड’ दाबून नोंद हाताने करा: सिक्युरिटी टाइप ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’, एनक्रिप्शन टाइप ‘एईएस’, खाली पासवर्ड, आणि ‘आपोआप जोडा’च्या चौकटीत खूण.

लिनक्स मिंटमध्ये याहून सोपं आहे. पॅनलवरच्या चिन्हातून नाव निवडलं की पद्धत तो स्वतः ओळखतो आणि फक्त पासवर्ड विचारतो.

नेटवर्क दिसतच नाही किंवा जोडलं जात नाही

नाव यादीतच नसेल तर पासवर्डशी झगडू नका, अडचण दुसरीकडे आहे. ‘बी’ आणि ‘जी’ या जुन्या प्रकारची कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतात, ५ वालं नाव त्यांना कधीच दिसणार नाही. काही कार्डं अमेरिकेच्या नियमांप्रमाणे बनलेली असतात आणि त्यांना १२ व १३ हे चॅनल दिसत नाहीत. भारतात ते चालतात, त्यामुळे ‘ऑटो’वर ठेवलेला राउटर कधीतरी तिथे जाऊन बसतो आणि लॅपटॉपमधून नाव गायब होतं. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर पक्का करा. राउटर वाय-फाय ६ चा असेल तर २.४ वरचा ‘एएक्स’ मोड बंद करून ‘बी/जी/एन’ ठेवून बघा. जुने ड्रायव्हर नव्या पद्धतीची घोषणा वाचताना अडखळतात. यांतल्या कुठल्याही बदलाने कूटलेखन कमजोर होत नाही, म्हणून हे बिनधास्त करा.

नाव दिसतं, पण जोडताना तुटतं? राउटरवर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा जोड पर्याय असेल तर २.४ वर तो नुसता डब्ल्यूपीए२ करा. ‘पीएमएफ’ नावाचं सेटिंग ‘रिक्वायर्ड’ असेल तर ‘ऑप्शनल’ करा.

वाय-फाय जोडलं गेलं, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही आणि सुरक्षेचे इशारे येतात, तेव्हा घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपची आतली बटण-सेल संपलेली असते आणि तारीख पंधरा वर्षं मागे गेलेली असते. संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्या तारखेला अस्तित्वातच नव्हती, म्हणून ब्राउझर त्यांना नाकारतो. तारीख दुरुस्त करा आणि सवडीने सेल बदलून घ्या.

हे सगळं करूनही कार्ड एईएस करत नसेल तर यूएसबी वाय-फाय डोंगल घ्या. आतलं कार्ड बदलायचा मोह होतो, पण थिंकपॅड आणि एचपीच्या कित्येक जुन्या मॉडेलमध्ये बायोस (लॅपटॉप सुरू करणारा आतला प्रोग्राम) फक्त ठरलेली कार्डंच स्वीकारतो. थिंकपॅडवर दुसरं कार्ड घातलं की १८०२ क्रमांकाची चूक दाखवून लॅपटॉप सुरूच होत नाही. डोंगलला ही भानगड नाही. लिनक्ससाठी घेत असाल तर अथेरॉस एआर९२७१ किंवा रालिंक आरटी५३७० चिपचा घ्या, दोन्हींना लिनक्सचा जुना आणि पक्का आधार आहे. लॅपटॉप एकाच टेबलावर राहणार असेल तर डोंगलऐवजी सरळ केबल टाका.

पायरी ५: खात्री

पुन्हा काळी खिडकी उघडा आणि मघाच्या आज्ञेत ‘ड्रायव्हर्स’च्या जागी ‘इंटरफेसेस’ लिहा. ‘ऑथेंटिकेशन’समोर डब्ल्यूपीए२-पर्सनल आणि ‘सायफर’समोर सीसीएमपी दिसायला हवं. टीकेआयपी दिसलं तर राउटर अजून मिक्स्डवर आहे. घरात आयफोन असेल तर तो वाय-फायच्या नावाखाली ‘वीक सिक्युरिटी’ असं लिहून हीच चूक दाखवतो.

लॅपटॉपवर विंडोज ७ च ठेवणार असाल तर त्याला राउटरच्या ‘गेस्ट नेटवर्क’वर टाका. त्यालाही डब्ल्यूपीए२-एईएस आणि वेगळा पासवर्ड लावा. मग लॅपटॉपमध्ये काही शिरलंच तरी ते घरातल्या बाकीच्या यंत्रांपर्यंत सहज पोचत नाही. वाय-फाय प्रिंटर त्या लॅपटॉपवरून चालणार नाही, एवढी गैरसोय होते.

पासवर्ड बदलल्यावर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, दारावरचा कॅमेरा आणि प्रिंटर यांनाही तो नव्याने द्यावा लागेल. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा. एखादा जुना प्रिंटर डब्ल्यूपीए२ ला नकार देईल, तेव्हा त्याच्यासाठी राउटर खाली उतरवू नका. त्याची यूएसबी केबल लावा आणि छपाई सुरू करा.